कातरवेळेची गाणी कुठल्या फोल्डरमध्ये? संग्रहाला स्वतःचे मूड-टॅग लावताना

रविवारची दुपार. जेवणं झालीत, बाहेर पाऊस लागलाय आणि आतल्या खोलीतून आवाज येतो, "अरे, काहीतरी छानसं लाव ना." कॉम्प्युटरवर चार हजारांच्या वर गाणी आहेत. फोल्डरही आहेत: शास्त्रीय, नाट्यसंगीत, भावगीतं, अभंग, जुनी हिंदी, 'नवीन', 'नवीन २' आणि 'दादाच्या पेन ड्राइव्हमधली'. माउसवरचा हात थबकतो, थोडा वेळ वरखाली होतो आणि शेवटी गेल्या रविवारी लावलं होतं तेच लागतं.

हा प्रसंग माझ्या घरी इतक्या वेळा घडला की एका पावसाळ्यात मी कंटाळून सगळ्या संग्रहाला मूडचे टॅग लावायला घेतले. कोण गायलं, कुठल्या अल्बमातलं, हे फोल्डर सांगतात. आतून आलेला प्रश्न मात्र वेगळाच असतो: आत्ता, या घटकेला काय बरं वाटेल? त्याचं उत्तर फोल्डरकडे नसतं. ते तुमच्याकडे असतं, आणि गाण्याच्या फाइलमध्ये लिहून ठेवता येतं.

खाली सांगितलेली रीत नवख्यांसाठी आहे. गाणी तुमच्या स्वतःच्या डिस्कवर फाइलच्या रूपात हवीत: सीडीवरून उतरवलेली, विकत घेऊन डाउनलोड केलेली, कॅसेटवरून कॉम्प्युटरवर घेतलेली. स्ट्रीमिंग अ‍ॅपमधल्या गाण्याच्या फाइलला आपला टॅग लावता येत नाही, तिथे फार तर प्लेलिस्ट करता येते.

टॅग म्हणजे नेमकं काय

एमपीथ्री फाइलमध्ये आवाजाच्या जोडीला थोडी मजकुराची जागा असते. तिथे गाण्याचं नाव, गायक, अल्बम, वर्ष लिहिलेलं असतं. या पद्धतीला आयडीथ्री म्हणतात. तिची १९९६ सालची पहिली आवृत्ती अगदीच चिमुकली होती: फाइलच्या शेवटी १२८ बाइट, त्यात नावाला ३० अक्षरं. गाण्याचा प्रकार सांगायला ८० प्रकारांची ठरलेली यादी, त्यातला फक्त क्रमांक लिहायचा. त्या यादीत पोल्काला जागा होती (आजीचा शिवायचा पोलका नव्हे, युरोपातला नाच), ख्यालाला नव्हती. आपलं अर्धं संगीत कुठे तरी 'एथनिक' नाहीतर 'अदर' मध्ये जाऊन पडायचं. जुन्या फाइलींमध्ये अजूनही तेच दिसेल.

पुढची आवृत्ती १९९८ मध्ये आली आणि हे कुंपण मोडलं. आता हवं तेवढं लिहिता येतं, देवनागरीत लिहिता येतं आणि मुख्य म्हणजे स्वतःच्या मनाने नवीन रकाना उघडता येतो. २००० सालच्या आवृत्तीत तर मूडसाठी अधिकृत रकानाच आहे. फ्लॅक (आवाजाचं काही न गाळता फाइल लहान करणारा प्रकार) फाइलींची पद्धत वेगळी आहे, पण तिथे कुठल्याही नावाचा रकाना सुरुवातीपासूनच चालतो. वेव्ह (आवाज जसाच्या तसा, न दाबता साठवणाऱ्या) फाइलींचं मात्र खरं नसतं: टॅग लिहिला तरी दुसऱ्या प्रोग्रॅमला तो दिसेलच असं नाही. संग्रह वेव्हमध्ये असेल तर आधी फ्लॅक करून घ्या. फ्लॅकमध्ये आवाजाचं काहीही गळत नाही.

टॅग बदलल्याने गाण्याच्या दर्जावर परिणाम होतो का, असं हमखास विचारलं जातं. होत नाही. पुस्तकाच्या पहिल्या पानावर नाव घातल्याने आतली कथा बदलत नाही, तसंच.

पहिली पायरी: प्रत काढा

सगळा संग्रह दुसऱ्या हार्ड डिस्कवर कॉपी करा. आत्ता, पुढचं वाचायच्या आधी.

मी हे आग्रहाने का सांगतोय? सुरुवातीच्या आठवड्यात एका रात्री मला एका अल्बमातल्या आठ गाण्यांना 'निवांत' लिहायचं होतं. कंट्रोल आणि ए दाबताना आधीचा फिल्टर निघून गेलाय हे लक्षात आलं नाही. मी शब्द लिहिला, सेव्ह केलं, प्रोग्रॅम बंद केला आणि झोपलो. सकाळी बघतो तर फडावरची ढोलकी कडाडणारी लावणीसुद्धा निवांत. दोनशेबारा फाइलींवरचे तीन संध्याकाळींचे टॅग पुसले गेले होते. प्रोग्रॅममध्ये अनडू असतं, पण बंद केल्यावर ते संपलं. दुसऱ्या डिस्कवरच्या प्रतीमुळे निभावलं.

दुसरी पायरी: शब्द ठरवा

खरं काम हे आहे. बाकीचं बटणं दाबणं.

बहुतेक जण सुरुवात करतात ती 'आनंदी' आणि 'दुःखी' पासून, आणि पन्नासाव्या गाण्याला अडकतात. विरहाचं गाणं दुःखी असतं का? शब्द विरहाचे असतात, पण ठेका असा की पाय आपोआप हलतो. ते ऐकून कुणी रडत नाही, उलट भाजी चिरताना तेच लावतात.

मग शास्त्राकडे वळावंसं वाटतं. आपल्याकडे नऊ रस आहेतच: नाट्यशास्त्रात आठ, नंतर शांत धरून नऊ. मीही उत्साहाने नऊ शब्द वहीत लिहिले होते. आठवडाभरात वही मिटली. शृंगारात अर्धा संग्रह जाऊन बसला, भयानक आणि बीभत्स रिकामे राहिले. "आज जरा बीभत्स काहीतरी ऐकू या" असं आमच्या घरी तरी कुणी म्हणत नाही.

रागाच्या वेळा हा त्यातल्या त्यात जवळचा मार्ग. दिवसरात्रीचे आठ प्रहर आणि प्रत्येकाचे राग: भैरव सकाळी, मारवा सूर्य बुडताना, यमन दिवेलागणीनंतर, दरबारी रात्री उशिरा. पण शास्त्रातली वेळ आणि आपली ऐकायची वेळ जुळतेच असं नाही. भैरवी सकाळची म्हणून शिकवतात आणि मैफलीत ती येते शेवटी, मग रात्रीचे अकरा वाजलेले असोत. ऐकणाऱ्याच्या मनात भैरवी म्हणजे 'आता उठायचं' हे इतकं पक्कं बसलेलं असतं की सकाळी सहाला लावली तर चहाच्या आधीच मैफल संपल्यासारखं वाटतं.

म्हणून मी स्वतःला एकच प्रश्न विचारायला लागलो: हे गाणं मी कधी लावतो? गाणं कसं आहे, हा प्रश्न समीक्षकाचा. मूडचा टॅग हा गाण्याचं वर्णन करायला नसतो, ते शोधायला असतो. पुढे कधीतरी तुम्ही कोणत्या अवस्थेत ते शोधाल, तो शब्द लिहायचा.

माझे शब्द सांगतो, पण ते तसेच उचलू नका. पहाट, तरतरी, निवांत, कातरवेळ, हुरहूर, पाऊस, प्रवास, धमाल, अंगाई, एकाग्र. 'तरतरी' म्हणजे सकाळी आवरताना लागतं ते. 'एकाग्र' मध्ये शब्द नसलेलं वादन, काम करताना. 'हुरहूर' आणि 'कातरवेळ' यांच्यात आमच्या घरी वाद झाला. माझं म्हणणं, दोन्ही एकच. बायकोचं म्हणणं, हुरहूर कधीही लागते, कातरवेळ संध्याकाळी येते आणि जाते. तिचं बरोबर निघालं. महिनाभर वापरल्यावर दोन्ही याद्या साफ वेगळ्या झाल्या.

शब्द आठ ते बारा पुरतात. वीसच्या वर गेलात की तुम्हालाच आठवणार नाहीत, आणि न आठवणारा टॅग नसल्यासारखाच. रोजच्या बोलण्यातले शब्द घ्या. 'चिंतनशील' असा शब्द लिहाल, पण पावसात तो शोधायला सुचणार नाही.

शब्द ठरले की ते कागदावर लिहून कॉम्प्युटरशेजारी चिकटवा. शुद्धलेखनासकट. माझ्याकडे सुरुवातीला 'हळुवार' असा एक टॅग होता, निम्म्या गाण्यांवर तो 'हळूवार' झाला. माणसाला फरक पडत नाही, कॉम्प्युटरला ते दोन वेगळे मूड. शेवटी वैतागून तो शब्दच काढून टाकला. शब्दाच्या शेवटी चुकून पडलेली रिकामी जागासुद्धा असाच घोळ घालते आणि ती दिसतही नाही. आणखी एक काळजी: एका शब्दात दुसरा दडलेला नसावा. 'शांत' आणि 'प्रशांत' असे दोन्ही ठेवलेत तर काही प्लेअर पहिला शोधताना दुसराही समोर आणतात.

लिपी मराठी की रोमन? घरच्या कॉम्प्युटरवर आणि आजच्या फोनवर देवनागरी व्यवस्थित चालते. जुन्या कार स्टिरिओवर चौकोन किंवा प्रश्नचिन्हं दिसतात. मी मराठीच ठेवली, कारण 'कातरवेळ' रोमनमध्ये लिहिताना दर वेळी हात वेगळं स्पेलिंग करतो.

तिसरी पायरी: हत्यारं आणि तीन गाण्यांची चाचणी

विंडोजवर मी दोन गोष्टी वापरतो. टॅग लिहायला एमपीथ्रीटॅग (Mp3tag), ऐकायला आणि याद्या बनवायला फूबार (foobar2000). विंडोजवर दोन्ही फुकट. म्युझिकबी नावाचा प्लेअरही चांगला आहे, त्यात दोन्ही कामं एकाच ठिकाणी होतात आणि ज्यांना फूबारचा रूक्ष चेहरा आवडत नाही त्यांनी तो घ्यावा. लिनक्स किंवा मॅक असेल तर टॅग लिहायला किड्थ्री (Kid3). मॅकवरच्या म्युझिक अ‍ॅपमध्येच राहायचं असेल तर तिथे वेगळा मूडचा रकाना मिळत नाही, पण 'कॉमेंट्स' मध्ये शब्द लिहून त्यावरून स्मार्ट प्लेलिस्ट करता येते. देखणं नाही, पण चालतं.

एमपीथ्रीटॅग पहिल्यांदा उघडलं की डाव्या हाताला नाव, गायक, अल्बम असे रकाने दिसतात. मूड नसतो. तो आणायला मेनूतून ऑप्शन्स, मग टॅग पॅनेल. तिथे नवीन रकाना जोडायचं बटण आहे. फील्ड या ठिकाणी इंग्रजी मोठ्या अक्षरांत मूड हा शब्द लिहा: एम, दोन ओ, डी. नाव या ठिकाणी खुशाल मराठीत 'मूड' लिहा, ते फक्त तुम्हाला दिसण्यापुरतं. फील्डचं नाव मात्र इंग्रजीच हवं, कारण दुसरे प्लेअर त्याच नावाने शोधतात. मग उजवीकडच्या यादीतही मूडचा स्तंभ जोडून घ्या म्हणजे कुठलं गाणं राहिलंय ते एका नजरेत कळतं.

त्याच ऑप्शन्समध्ये टॅगच्या विभागात एमपीथ्रीची सेटिंग्ज आहेत. आयडीथ्री कुठल्या आवृत्तीत लिहायचं ते तिथे ठरतं. २.३ यूटीएफ-१६ वर ठेवा, ती जुन्या-नव्या बहुतेक ठिकाणी वाचली जाते. पहिल्या आवृत्तीचा टॅग लिहिण्यासमोरची खूण काढून टाका. त्या १२८ बाइटांत देवनागरी मावत नाही, आणि एखादा जुना प्लेअर नेमका तोच भाग वाचून ओळीने प्रश्नचिन्हं दाखवतो.

आता सगळ्या संग्रहावर तुटून पडू नका. तीन फाइली निवडा: एक एमपीथ्री, एक फ्लॅक आणि एक फोनवरून आलेली कुठलीही. तिन्हींना टॅग लिहा, सेव्ह करा, मग फूबारमध्ये उघडून ऑल्ट आणि एंटर दाबा. लिहिलेला शब्द तिथे दिसला पाहिजे. मग त्याच फाइली फोनवर घालून तिथल्या प्लेअरमध्ये बघा. ही पंधरा मिनिटं घालवा, कारण रकान्याचं नाव जुळलं नाही हे हजार गाण्यांनंतर कळलं की जीव जातो.

एका गाण्याला दोन मूड द्यायचे असतील तर एमपीथ्रीटॅगमध्ये दोन शब्दांच्या मध्ये दोन उलट्या तिरप्या रेघा देतात, फूबारमध्ये अर्धविराम. एकाने लिहिलेलं दुसऱ्यात कसं दिसतं तेही याच चाचणीत बघून घ्या. कधीकधी 'निवांत' आणि 'पाऊस' एकाच लांब शब्दासारखे चिकटून दिसतील, पण 'हा शब्द आत आहे का' असं शोधलं तर गाणं सापडतं. तीनपेक्षा जास्त मूड एका गाण्याला देऊ नका. सगळ्या याद्यांत येणारं गाणं कुठल्याच यादीचं नसतं.

चौथी पायरी: ऐकत ऐकत लिहा

हे बसून उरकायचं काम नाही. रोज वीस गाणी धरली तर तीन हजारांच्या संग्रहाला १५० दिवस, म्हणजे पाच महिने. ऐकून धडकी भरते, पण रोज वीस म्हणजे संध्याकाळचा अर्धा तास, आणि तो गाणी ऐकण्यातच जातो.

एक गाणं जवळून दाखवतो. वडिलांच्या कॅसेटवरून उतरवलेला मारव्यातला ख्याल आहे, बत्तीस मिनिटांचा. फाइलचं नाव 'ट्रॅक ०१ साइड ए', गायकाच्या जागी 'अननोन आर्टिस्ट', प्रकार 'अदर'. आधी साधी माहिती भरली: गायक, राग, विलंबित कुठे संपतं आणि द्रुत कुठे सुरू होतं. मग मूड. मारव्यात पंचम नाही, ऋषभ कोमल, आणि षड्जावर गायक पाय टेकवतच नाही. तो येईल येईल म्हणून कान वाट बघत राहतो. नियमाने वेळ सूर्यास्ताची. मी दुपारी तीनला हेडफोन लावून ऐकत बसलो होतो आणि काहीच लिहवेना. 'एकाग्र' लिहिलं, खोडलं. तसंच सोडून दिलं. चार दिवसांनी सहाच्या सुमाराला, लाइट अजून लावले नव्हते, तोच लावला. तिसऱ्या मिनिटाला आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, "दिवा लाव रे, कसंतरीच वाटतंय." टॅग मिळाला: कातरवेळ.

यातून एक नियम काढला तो असा की ज्या वेळचं गाणं वाटतंय त्या वेळी ते ऐकून मगच लिहायचं. निदान शंका असलेल्यांचं. बाकी गाण्यांना पहिल्या चाळीस सेकंदांत जे सुचतं तेच बहुधा बरोबर असतं.

दुसरी गोष्ट जरा सावकाश सांगतो, कारण नवखे इथेच चुकतात. टॅग रेकॉर्डिंगला लावायचा, रचनेला नाही. एकच अभंग घ्या. दिंडीतल्या टाळ-मृदंगात म्हटलेला असेल तर चाल वाढत जाते, पावली धरावीशी वाटते. माझ्याकडे त्याला 'तरतरी' आहे. तोच अभंग एखाद्या ख्यालगायकाने तानपुऱ्यावर संथ लयीत घेतलेला असेल तर तो 'पहाट'. शब्द तेच, विठ्ठल तोच. नाट्यपदांचंही तसंच: जुन्या ७८च्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन साडेतीन मिनिटं मावायची, त्यामुळे गायक सुरुवातीपासूनच तानांची आतषबाजी करतो. तेच पद मैफलीत पंधरा मिनिटं रंगतं तेव्हा ते वेगळंच गाणं असतं. आणि लावणी! 'लावणी' असा प्रकार लिहिलेला असला तरी मूड त्यातून मुळीच कळत नाही. बैठकीची लावणी ठाय लयीत, अदाकारीला जागा देत चालते. फडावरची ढोलकीच्या कडकडाटात येते. पहिली मी रात्री एकटा ऐकतो, दुसरी गणपतीत पाहुणे जमले की.

अल्बमला सरसकट एकच टॅग लावायचा मोह आवरा. भूपाळ्यांचा संच असेल तर ठीक, सगळ्याच पहाटेच्या. पण एखाद्या गायकाच्या निवडक गाण्यांच्या सीडीत चौथं गाणं नक्की दगा देतं.

सरसकट लिहिताना एक खबरदारी घ्या. एमपीथ्रीटॅगमध्ये अनेक फाइली निवडल्या की रकान्यात 'कीप' असं दिसतं. त्याचा अर्थ प्रत्येकाचं आहे ते तसंच राहू दे. तुम्ही त्या जागी काही लिहिलंत की ते निवडलेल्या सगळ्यांवर जातं आणि आधीचं पुसतं. माझी दोनशेबारा गाणी अशीच गेली.

मशीनला करू द्यावं का हे सगळं? प्रयत्न झालेत. अकाउस्टिकब्रेन्झ नावाच्या खुल्या प्रकल्पात आवाजाचं विश्लेषण करून 'आनंदी', 'उदास', 'आक्रमक' अशी लेबलं काढली जायची. २०२२ मध्ये चालवणाऱ्यांनीच तो गुंडाळायचं ठरवलं, आणि लेबलं पुरेशी भरवशाची नाहीत हे त्यामागचं एक कारण त्यांनीच सांगितलं. नाव, अल्बम, वर्ष भरायला मात्र म्युझिकब्रेन्झ पिकार्ड हा प्रोग्रॅम जरूर वापरा. जुन्या मराठी रेकॉर्डिंगची माहिती तिथे तुटक मिळते, हिंदीची बरीच बरी.

पाचवी पायरी: आपोआप भरणाऱ्या याद्या

इथे कष्टाचं चीज होतं. फूबारमध्ये लायब्ररीच्या मेनूत सर्च आहे. तिथे लिहायचं: मूड हॅज कातरवेळ (MOOD HAS कातरवेळ). पहिले दोन शब्द इंग्रजीत टाइप करायचे, तिसरा मराठीत. ज्या ज्या फाइलमध्ये तो शब्द आहे त्या समोर येतात. मग त्याच खिडकीतल्या छोट्या मेनूतून ऑटोप्लेलिस्ट बनवा. ही यादी जिवंत असते: उद्या नव्या गाण्याला तो टॅग लावलात की ते आपणहून त्यात येऊन बसतं.

मध्ये अँड किंवा नॉट घालून शब्द जोडता येतात. 'निवांत' आणि 'पाऊस' दोन्ही असलेली यादी आमच्या रविवारची. 'प्रवास' असलेली पण 'अंगाई' नसलेली यादी गाडी चालवताना, याचं कारण सांगायला नको.

पहिली यादी लावलीत की एक त्रास लगेच जाणवेल. कॅसेटवरचं गाणं हळू, त्याच्या पाठोपाठ नव्या सीडीवरचं दणकन मोठ्याने. फोल्डरने ऐकताना हे कळत नव्हतं, कारण एका अल्बमचा आवाज एकसारखा असतो. उपाय रिप्लेगेन: फूबारमध्ये सगळी गाणी निवडून उजवी क्लिक, रिप्लेगेन, प्रत्येक फाइल स्वतंत्र मोजायचा पर्याय. रात्रभर चालू द्या. तो गाण्याचा आवाज मोजून एक आकडा टॅगमध्येच लिहितो आणि प्लेअर वाजवताना त्यानुसार कमीजास्त करतो. मूळ आवाजाला हात लागत नाही.

फोन आणि गाडी

फोनवरचे बरेच प्लेअर मूडचा रकाना वाचतच नाहीत. हिरमुसू नका. कॉम्प्युटरवरची यादी एमथ्रीयूएट (m3u8) फाइल म्हणून सेव्ह करा. ती साधी मजकुराची फाइल असते, आत गाण्यांचे पत्ते ओळीने, आणि देवनागरी नावं तिच्यात टिकतात. सेव्ह करताना ती संग्रहाच्या सगळ्यात वरच्या फोल्डरमध्ये ठेवा आणि नोटपॅडमध्ये एकदा उघडून बघा. ओळीच्या सुरुवातीला डी ड्राइव्हचा पत्ता दिसला तर फोनवर ती यादी रिकामी दिसणार, कारण फोनला डी ड्राइव्ह म्हणजे काय ते ठाऊक नाही. पत्ता आतल्या फोल्डरच्या नावापासून सुरू व्हायला हवा. मग सगळा फोल्डर यादीसकट फोनवर उतरवा. तिथे टॅग बदलले की यादी बदलत नाही, महिन्यातून एकदा पुन्हा पाठवावी लागते.

जुन्या गाडीतला स्टिरिओ फक्त फोल्डर ओळखतो. तिथे सरळ पेन ड्राइव्हवर मूडच्या नावाचे फोल्डर करून गाण्यांच्या प्रती टाकायच्या. फूबारमध्ये यादी निवडून उजव्या क्लिकमध्ये फाइली कॉपी करायची सोय आहे. नावं रोमनमध्ये द्या, १ ते ५ आकडे आधी लावा. पुणे-कोल्हापूर रस्त्यावर यादी वाचत बसण्यापेक्षा 'तीन नंबर' म्हणणं सोपं.

नंतरची निगा

नवीन आलेली गाणी थेट संग्रहात टाकू नका. 'यायची आहेत' नावाचा एक फोल्डर ठेवा. टॅग लागला की मगच आत. मूड रिकामा असलेल्या फाइली दाखवणारी एक ऑटोप्लेलिस्टही करून ठेवा. माझ्याकडे तिचं नाव 'उधारी' आहे आणि ती कधीच शून्य होत नाही.

सहा महिन्यांनी याद्या मोजा. एखाद्या शब्दाखाली पाचच गाणी असतील तर तो शब्द काढून ती दुसरीकडे वळवा. एखाद्याखाली सहाशे झाली असतील तर तो फार ढोबळ आहे, फोडा. माझा 'निवांत' असाच फुगला होता. त्यातून 'एकाग्र' वेगळा काढला तेव्हा कुठे रविवारच्या यादीतून सतारीचे तासभराचे आलाप बाहेर गेले.

भैरवीचं मात्र काही केल्या जमेना. 'निवांत' मध्ये टाकली तर शफलमध्ये ती तिसऱ्याच गाण्याला यायची आणि आई म्हणायची, "संपलं एवढ्यात?" आता सगळ्या भैरव्यांना 'शेवटी' असा अकरावा टॅग आहे. प्रत्येक ऑटोप्लेलिस्टच्या शोधात 'शेवटी' ला नॉट लावलंय, म्हणजे त्या आपणहून कुठेच येत नाहीत. चहाचे कप आत गेले, पाऊस थांबला की मी ती यादी उघडतो आणि त्यातली एक हाताने लावतो.